एकेचाळीस मुलांचे एकच आजोबा

ताई, मुख्याध्यापक सर नांदेडला मीटिंगला गेलेत. चारच्या सुमारास येतो म्हणालेत. आता अडीच वाजलेत आणि मी स्टाफरूममध्ये बसून तुम्हाला हे लिहितेय. सर आले की त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मला एक गोष्ट सांगायची आहे. कुठली, ते तुम्हाला माहीत आहे. मला भीती वाटतेय. सकाळपासून तीन वेळा मनात आलं, की आज डोकं दुखतंय म्हणून घरी जावं. तुम्ही शेजारी असता तर म्हणाला असता, "रेखा, भ्या वाटून राहिलं ते ठीक हाय, पण कशाचं ते नीट सांग की." तेच करून बघते.

तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. काय झालं, कसं झालं, लोक अजून विचारतात. ते इथे लिहीत नाही. मला काय झालं ते सांगते. तुमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी सातवीची हजेरी घेत होते. फोन ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो तुमचा नव्हता. आता दहावीचा निबंध कोण घेणार, हा होता. दुसरा त्याहून वाईट होता. आता मला पाठीशी घालणारं कुणी उरलं नाही, असा. रडू त्यानंतर आलं. मुलींनी पाण्याची बाटली आणून दिली तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

हदगावहून नांदेड, तिथे गाडी बदलून लातूर, लातूरला पुन्हा बदलून शिरूर अनंतपाळ. हा प्रवास तुम्ही दर सुट्टीत करायचात आणि परत आल्यावर कंडक्टरशी झालेलं भांडण साभिनय सांगायचात. मी मात्र सबंध रस्ता तोंड मिटून बसले होते. लातूरच्या स्टँडबाहेर क्लासवाल्यांचे बोर्ड दिसले, पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले. मीही एके काळी तिथलीच. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका अंगणात बसल्या होत्या, तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती, बुद्धवंदना नुकतीच संपली होती. तुमचा भाऊ जवळ आला. "तुमी रेखा मॅडम का?" हो म्हटलं. "ताई लई सांगायची तुमचं. म्हणायची, आमच्या शाळंत एक हाय, तिला लई चांगले प्रश्न पडतेत." मी मान खाली घातली. म्हणजे बाजाराच्या निबंधाचं तुम्ही घरीही बोलला नव्हता. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची तिथेच त्या अंगणात शरम वाटली.

माझे प्रश्न चांगले का असायचे, हे आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. मला खरंच काही येत नव्हतं म्हणून.

आठवतं का, माझा इथला पहिला आठवडा? तुम्ही माझ्यापुढे कोऱ्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा ठेवलात आणि म्हणालात, "लातूरला तुमच्या होस्टेलची मेस कशी चालायची ते मला सांगायचंय असं धर. आराखडा कर बघू, मला बी बघायचंय नवीन लोक कसा करतेत." तुम्ही सहज म्हणालात. मी अर्धा तास त्या पट्ट्यांकडे बघत बसले. मराठीची शिक्षिका, दहावीला मराठीत वर्गात पहिली, बी.ए.ला मराठी, बी.एड.ला मराठी, आणि मेस कशी चालते हे चार ओळींत मांडता येईना. कारण मी जन्मात एकही निबंध स्वतः लिहिला नव्हता. क्लासच्या सरांनी आम्हाला बावीस निबंध दिले होते. सुरुवात सगळ्यांची सारखी, शेवट सारखा, मधलं तेवढं विषयाप्रमाणे बदलायचं. त्या बावीसांवर मी नोकरीपर्यंत आले. पुढचं विचारायला कधी कुणी थांबलंच नाही.

"कामून रडून राहिलीस?" तुम्ही विचारलंत, आणि मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही दार लोटून घेतलंत. मला वाटलं आता ही बाई सगळ्या शाळेला सांगणार. तुमचा आवाज तसा तीन वर्गांपलीकडे जाणारा. पण तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं झालं. मला असाच माणूस पायजे व्हता."

मग तुम्ही मला तुमच्या तासाला नेऊन मागच्या बाकावर बसवायला लागलात. ती तुमची पद्धत मी तिथे बसून शिकले, निदान बघितली. लग्नसराई संपली की तुम्ही साऱ्या शाळेकडून लग्नपत्रिका मागायचात आणि कात्रीने त्यांच्या कोऱ्या पाठीच्या पट्ट्या करून बुटांच्या खोक्यात ठेवायचात. निबंधाचा पहिला तास पेनाशिवाय. पेनं कंपासपेटीत बंद. "माहितीपर निबंध मंजे दुसरं काही न्हाई," तुम्ही सांगायचात, "ज्याला माहीत न्हाई त्याला सांगणं. मंग आधी तो माहीत नसलेला माणूस धरून आणा." एका पोराने किंवा पोरीने उभं राहून त्या माणसाला तोंडी सांगायचं. तो जिथे अडेल तिथे त्याने प्रश्न विचारायचा आणि बाकीच्यांनी तो प्रश्न पट्टीवर उतरवायचा. तास संपताना पट्ट्या जमिनीवर मांडायच्या. एका जातीचे प्रश्न एका ढिगात. कुठला ढीग आधी, कुठला नंतर, यावर वर्गाने भांडायचं. जितके ढीग तितके परिच्छेद. मगच पेन.

खिचडी शिजवणाऱ्या खालांना तुम्ही एकदा वर्गात आणलंत तो दिवस मी विसरणार नाही. दहावीतली दीक्षा उभी होती. मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो, तो कसा काढायचा, हे तिला सांगायचं होतं. तिने झोकात सुरुवात केली, की आधी शाळेतून बोनाफाईड घ्यायचं. खालांनी हात वर केला. "अगं बेटा, फुकट हाय तर पास कशाला?" वर्ग हसला. दीक्षाला उत्तर माहीत होतं, पण ते सांगावं लागतं हेच तिला माहीत नव्हतं. "बोनाफाईड मंजे?" खालांनी पुढचं विचारलं. "फोटू कशापायी? कंडक्टरला तोंड दिसतंय की पोरीचं." तासाभरात अठरा पट्ट्या भरल्या. बोनाफाईडचा मुद्दा, जो दीक्षाने पहिला धरला होता, तो चौथ्या ढिगात गेला. पहिल्या परिच्छेदात पास कशाला लागतो हे आलं. त्या निबंधासारखा निबंध मी लातूरला बावीसांत बघितला नव्हता. खाला जाताना म्हणाल्या, "मी तर आडाण्यासारखं इचारलं." तुम्ही म्हणालात, "खाला, तसं इचारणारं माणूस मिळत न्हाई आजकाल."

आणि खाला नसतील त्या दिवशी मी. मुलांना वाटायचं रेखा मॅडम नाटक करतात. मी विचारायचे, "हे आधी का सांगितलंस?" तेव्हा ते मला खरोखर कळत नसायचं. तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहून गालात हसायचात.

भांडलोही आपण काय कमी? जूनमध्ये पट्ट्या उडतात म्हणून तुम्ही पंखे बंद करायचात. पोरं घामाने निथळायची आणि मी खिडकीतून हातवारे करायचे. गुणांवरून तर रोजच. मी म्हणायचे, "ताई, तुमचा एक निबंध तीन तासांत होतो. तेवढ्यात माझे तीन पाठ करून होतात." तुम्ही डब्यातलं लोणचं माझ्या झाकणात टाकत म्हणायचात, "तुझे तिन्ही एकच हायेत गं." मी चिडायचे. पोरांना बोर्डाची परीक्षा द्यायचीय, खालांना काही सांगायचं नाहीये, असं म्हणायचे. त्यावर तुम्ही काहीतरी बोलणार तेवढ्यात घंटा व्हायची. तुमचं ते उत्तर राहिलंच.

डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला तुम्ही आठ दिवस गेलात. जाताना दहावीचे तास माझ्याकडे दिलेत. "इषय काढून ठेवलाय, आपल्याकडचा आठवडी बाजार. पट्ट्या कपाटात हायेत. पेन उघडू देऊ नको." एवढं सोपं. मी वर्गात गेले. एकेचाळीस कंपासपेट्या बंद. दीक्षा म्हणाली, "मॅडम, तुमी बसा ऐकायला, मी सांगते." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ऐकायला बसले तर फळ्यापाशी कुणी उरत नाही. प्रश्न मी विचारीन, पण पट्ट्यांचे ढीग कोण तपासणार? हा ढीग आधी का, असं पोरांनी मला विचारलं तर? मी पिशवीतून गाईड काढलं आणि म्हटलं, "उघडा वह्या." एकेचाळीस कंपासपेट्या उघडल्याचा आवाज झाला. त्या आवाजाने मला केवढं बरं वाटलं, ते आज कबूल करते.

आठवडी बाजारावरचा तो निबंध तुम्ही नंतर वाचलातच. पहाटेच्या मंगल वेळी आजोबांच्या खांद्यावर बसून बाजाराला जाणं, बाजाराच्या कडेने खळखळ वाहणारी नदी, तिच्या काठी पाणी पिणारे बैल. आपल्या बाजाराच्या कडेला एस.टी.चा डेपो आहे. मी गाईडमधून सांगत गेले, पोरं उतरवत गेली, आणि वर मी बजावलं, हा पाठ करा, हमखास येतो.

आला. त्याच महिन्यात तालुक्याच्या सराव परीक्षेत नेमका तोच विषय पडला. पेपर दुसऱ्या शाळेत तपासले गेले आणि गठ्ठा परत आला तो वर लाल शाईत लिहिलेल्या ओळीसकट: एकेचाळीस मुलांचे एकच आजोबा कसे? निबंधाला सगळ्यांना शून्य, आणि सामूहिक कॉपीचा संशय म्हणून शाळेला पत्र. तुम्ही शिरूरहून परतून आठवडाच झाला होता, हातावरची मेंदीही पुरती गेली नव्हती. सरांनी आपल्या दोघींना बोलावलं. दीक्षा आणि आणखी तिघं दारात उभी होती. "दहावीचा निबंध कोण घेतं?" सरांनी विचारलं. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, ताई, हे तुम्ही पाहिलंत का मला माहीत नाही. पण तुम्ही माझ्या आधी बोललात. "मी घेते सर. मीच सांगितला व्हता लिहून. वेळ कमी व्हता." मी तोंड मिटलं. दारातल्या चौघांनी माना खाली घातल्या.

सरांनी तुमच्याकडून लेखी खुलासा घेतला. तुम्ही इथेच, या टेबलावर बसून तो लिहिलात, एक पानभर. आधी पट्ट्या मांडल्यात का, असं गमतीने विचारायची माझी हिंमत नव्हती. शेवटची ओळ मी तुमच्या खांद्यावरून वाचली: यात इतर कोणाचाही संबंध नाही. जे घडलं नाही ते लिहायचं नाही, असं पोरांना सांगून सांगून घसा बसवून घेणारी बाई हे लिहीत होती.

"खोटं कामून लिहिलंत?" मी विचारलं. मलाही तुमची बोली लागली होती.

"जूनमधी तुझी तीन वर्षं पुरी होतेत. कायम व्हायचा प्रस्ताव सरांच्याच सहीनं जायचाय. आत्ता हे निघालं तर त्येंनी काय लिहावं?"

"आणि तुमचं? संस्थेच्या उत्कृष्ट शिक्षकाच्या यादीत नाव गेलंय ना?"

"जाऊ दे. शालीच लई झाल्यात घरी, ठेवायला जागा न्हाई."

"मी सांगते सरांना."

"सांग की. मी काय धरून ठेवलंय का तुला? तुला जमंल तवा सांग."

यादीतून तुमचं नाव गेलं. मी शनिवारी सांगायचं ठरवलं. मग सोमवारी. मग नाताळच्या सुट्ट्या आल्या, मग स्नेहसंमेलन आलं. तुम्ही एकदाही आठवण केली नाहीत. केली असती तर बरं झालं असतं. मला तुमचा राग यायचा, ताई, हेही आज सांगून टाकते. वर्गात एखादा अडला आणि शेजारच्याने उत्तर पुरवलं की तुम्ही ओरडायचात, त्याचं त्याला सांगू द्या. मग माझं मला का सांगू दिलं नाहीत? दोन क्षण थांबला असता तर मी बोलले असते. असं मी स्वतःला रोज सांगते. बोलले असते की नाही, ते आता कळायला मार्ग नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

या शनिवारी शाळेने शोकसभा घेतली. सर म्हणाले, तुमची जवळीक होती, दोन शब्द तुम्ही बोला. मी तीन दिवस वही घेऊन बसले. जो मुद्दा सुचायचा तो दोन वाक्यांत बाजाराच्या निबंधापाशी येऊन थांबायचा. डबा म्हटलं की ते भांडण, वर्ग म्हटलं की ते पेन. शेवटी शुक्रवारी मी काय केलं असेल? शाळेच्या कपाटातून भाषणांचं पुस्तक काढलं. त्यात 'आदरणीय शिक्षकांच्या निधनानिमित्त' असं एक भाषण होतं. ते पाठ केलं. रिकाम्या जागी तुमचं नाव घातलं.

बोलताना एकदाही अडखळले नाही. "आपल्या शांत आणि मितभाषी स्वभावाने त्यांनी सर्वांची मने जिंकली," असं म्हटलं तेव्हा दहावीच्या रांगेतून फसकन हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. तुम्ही आणि मितभाषी. प्रार्थनेला माईक बंद पडला तर सर तुम्हाला पुढे बोलावायचे. मी घामाने भिजले, पण थांबले नाही, कारण पाठ केलेलं मध्येच सोडलं की पुढचं आठवत नाही. माझ्यानंतर सर उठले. मनापासून बोलले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "मॅडमकडून मागे एक चूक झाली. माणूस म्हटल्यावर होते. आपण ती पोटात घातली." दहावीच्या रांगेतल्या साऱ्या माना तेव्हा माझ्याकडे वळल्या. कुणी रागाने बघत नव्हतं. नुसती बघत होती पोरं. मी तुमच्या फोटोच्या हारातली फुलं मोजत उभी राहिले.

काल सोमवार. सकाळीच सरांनी सांगितलं, "दहावी आता तुमच्याकडे. बोर्डाला महिना राहिलाय. महत्त्वाचे दहा निबंध सांगून टाका, पण या वेळी जरा मुलागणिक फरक ठेवा." मी वर्गात गेले आणि फळ्यावर 'महत्त्वाचे दहा निबंध' असं लिहिलं. मागे वळले तर एकाही कंपासपेटीचा आवाज नाही. दीक्षा उभी राहिली.

"मॅडम, परवाचं भाषण पुस्तकातलं व्हतं का?"

खोटं बोलायचं तर तीच वेळ होती. "हो," म्हटलं.

"मोठ्या मॅडम मितभाषी नव्हत्या."

"माहीत आहे."

"मंग?"

ती उद्धट नव्हती, ताई. ती खालांसारखं विचारत होती. मी टेबलाला टेकले. म्हटलं, "मला निबंध लिहिता येत नाही. मी कधीच लिहिलेला नाही. मोठ्या मॅडमच्या तासाला मागे बसून मी प्रश्न विचारायचे ते मला खरंच पडलेले असायचे." हे वाक्य मी साऱ्या जन्मात दोनदा बोलले, एकदा तुमच्यापुढे आणि एकदा पोरांपुढे. कुणी हसलं नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "आमाला बी येत न्हाई की मॅडम, तवाच तर शाळंत येतो." मग मी तुमचं खोकं काढलं आणि म्हटलं, आज मी सांगणार, तुम्ही विचारायचं. मोठ्या मॅडम वर्गात कशा होत्या ते तुम्हाला ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये कशा होत्या ते नाही.

मी सांगत गेले आणि पोरं विचारत गेली. डब्यात काय आणायच्या? तुम्ही दोघी भांडायच्या का? कशावरून? कोण जिंकायचं? त्या कधी रडल्या का? शेवटच्याचं उत्तर मला आलं नाही, आणि माझ्या लक्षात आलं की मी तुम्हाला ते कधी विचारलंच नव्हतं. तास भरत आला तशा मी पट्ट्या गोळा करून मोठ्याने वाचायला घेतल्या. एकीवर अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलं होतं, ओळखू येऊ नये म्हणून. बाजाराचा निबंध तुम्ही सांगितला, मंग खुलासा मोठ्या मॅडमनी का दिला?

ती पट्टी गठ्ठ्याखाली सारता आली असती. बोटं तसं करायला निघालीही होती. मी ती वाचली. "कारण मी गप्प बसले," म्हटलं. "मी घाबरले होते. आजही आहे."

मग पोरांनी बाकं सरकवली आणि नेहमीसारख्या पट्ट्या जमिनीवर मांडायला घेतल्या. डब्याच्या एका बाजूला, भांडणाच्या दुसऱ्या. दीक्षा ती एक पट्टी हातात धरून उभी राहिली. "मॅडम, ही कुठं ठेवायची? पयली का शेवटची?"

मला येत नव्हतं. पण तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत होतं. "निबंध कुणासाठी आहे त्यावर आहे ते," म्हटलं. "माहीत नसलेला माणूस कोण, ते आधी बघ."

तिने वर्गावर नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं. "हे तर आमाला समद्यांना माहीत हाय," ती म्हणाली. "माहीत नसलेले एकटे सरच हायेत."

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मग त्यांनीच ठरवलं की सर काय काय विचारतील त्याच्या पट्ट्या करायच्या. गाईड का काढलं? मॅडमना खोटं का लिहू दिलं? त्यांचं नाव यादीतून गेलं तेव्हाही का बोलला नाहीत? मी एकेकाचं उत्तर देत गेले. एका पट्टीवर दीक्षाने लिहिलं होतं: आता मॅडम नाहीत, मग आता कशाला सांगता? त्याचं उत्तर मी काल देऊ शकले नाही. आजही मला नीट मांडता येत नाही. एवढंच कळतं की फायलीत तुमच्या हातची ती ओळ आहे आणि ती खरी नाही. तुमचं अक्षर इतकं सुंदर, की वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवणार.

जूनमध्ये माझं काय होईल ते माहीत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती दर फोनला विचारते, कायम कधी होणार. ताई, मला धीट व्हायचं होतं, आणि मी मुळीच झालेले नाही. आत्ता हे लिहितानाही अर्धं मन म्हणतंय, की सरांची गाडी पंक्चर व्हावी आणि आजचा दिवस टळावा.

बाहेर मोटारसायकल थांबली. सरच आहेत, खालांना चहा ठेवायला सांगतायत. दारापाशी दहावीच्या पोरी उगाचच पाणी प्यायला जमल्यात. मला आधार द्यायला आल्यात की मी पळून जाऊ नये म्हणून, ते समजत नाही. सर केबिनमध्ये शिरले. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मी पाठ केलेलं नाही. जाते.